पिवळ्या गोलातली खिडकी

आमच्या इमारतीच्या बाजूच्या भिंतीवर मोठं रंगीत चित्र काढलं आहे. त्यात माणूस नाही, झाड नाही. निळे, तांबडे, पिवळे आकार नुसते एकमेकांत शिरलेले. चौथ्या मजल्यावर माझ्या स्वयंपाकघराची खिडकी आहे. तिच्या झडपाही एका पिवळ्या गोलात गेल्या. रंगवणाऱ्या मुलीनं विचारलं होतं, "मावशी, रंगवू ना?" मी मान हलवली. अनोळखी माणसाला नाही म्हणणं मला जमत नाही.

आता खिडकी उघडली की गोल फाटतो. खालून सोसायटीचे सेक्रेटरी ओरडतात, "वहिनी, लावा ती! लोक फोटो काढतायत." शेजारची शालन हसते, "तुझ्या फोडणीचा धूर थेट सूर्यातून निघतो गं!" मी लाजून खिडकी लावते आणि आत ठसक्यानं जीव कासावीस होतो.

चित्र मला आवडतं, हीच अडचण आहे. बाजारातून येताना मीही मान वर करून उभी राहते. पण गवंड्यानं तिथं खिडकी ठेवली ती आतल्या माणसासाठी. बाहेरून भिंत सगळ्यांची, आतून माझी एकटीची. हे मनात आलं की पोळी तव्यावर करपते.

आज मिरच्या परतताना पुन्हा हाक आली. झडपेवर हात ठेवला. मग वाकून म्हटलं, "भाऊ, माझा स्वयंपाक व्हायचाय." आवाज खाली पोचला की नाही, कोण जाणे. खिडकी मात्र मी लावली नाही.