मंद्रूपचा टॉवेल

काल विद्यापीठानं समाजकार्यासाठी माझा सत्कार केला. आज सकाळी शालीची घडी मोडली आणि नव्या कापडाच्या वासासरशी मी थेट मंद्रूपला पोचले, वीसेक वर्षं मागे.

विद्यार्थ्यांना घेऊन वर्षभर तिथल्या विहिरींचं पाणी तपासलं, म्हणून गावानं माझा सत्कार ठेवला होता. रिवाजाप्रमाणे टॉवेल, टोपी, नारळ. पण बाईला टोपी कशी घालायची? सरपंच टोपी हातात धरून नुसतेच हसत उभे.

गर्दीतून एक म्हातारी उठली. "आना हिकडं," म्हणत तिनं तो खळीनं कडक झालेला टॉवेल घेतला आणि त्याची खणासारखी घडी घातली. वर नारळ ठेवला आणि आपल्या बाजाराच्या पिशवीतले मूठभर गहू काढले.

मी मागे सरले. हळूच म्हणाले, "मावशी, माझे यजमान गेलेत. माझी ओटी भरत नाहीत."

"लेकीची भरत्यात की," ती म्हणाली. "धर पदर."

काल मंचावर कुलगुरूंनी नारळ पुढे केला, तेव्हा माझा हात आपसूक पदराकडे गेला.