सावरगाव बुद्रुकचे नऊ जण

ग्रुपात कोड लिहिणारे बरेच आहेत, म्हणून हे लिहून राहिलो.

आज नांदेडात मोतीबिंदूचं एक दिवसाचं शिबिर होतं. खेड्यांतून म्हाताऱ्या माणसांना आणायच्या गाड्यांची यादी माझ्या स्क्रिप्टमधून, म्हणजे मी लिहिलेल्या छोट्या प्रोग्राममधून निघाली.

त्यात प्रत्येक गावाच्या नावाचा व्हेरिएबल, म्हणजे त्या गावची माणसं ठेवायचा कप्पा, आपोआप तयार व्हायचा. लिहिताना लई हुशारी वाटली होती. व्हेरिएबलच्या नावात टिंब चालत नाही, म्हणून गावांपुढचं 'बु.' आणि 'खु.' मी काढून टाकलं.

सावरगाव बुद्रुक आणि सावरगाव खुर्द, दोन्ही नुसतं सावरगाव झालं. खुर्दची नावं बुद्रुकच्या नावांवर जाऊन बसली, आणि बुद्रुक गाड्यांच्या यादीतून पुसलंच गेलं. एररसुद्धा आली नाही. सगळा जन्म मराठवाड्यात गेला, तरी मला हे सुचलं न्हाई.

गावोगाव वाटलेल्या शिबिराच्या पत्रकावर माझा नंबर होता. दुपारी बुद्रुकच्या एका आजीचा फोन आला. "शुगर तपासायची म्हनून उपाशी बोलावलं व्हतं. आमी नऊ जन सकाळपासून फाट्यावर बसून हाव. गाडी कवा येती?"

तोवर तपासणी संपली होती. "आजी, चूक माझी हाय," एवढंच बोललो. त्या रागावल्या नाहीत.

नंतर वेगवेगळे व्हेरिएबल काढून सगळी गावं एकाच डिक्शनरीत, म्हणजे नावावरून माहिती शोधायच्या तक्त्यात घातली, पूर्ण नाव आणि तालुक्यासकट. दहा मिनिटं लागली. तुमच्याकडं असं काही चालू असेल तर आजच बघा.

फोन ठेवताना आजींनी विचारलं, "मंग उद्या बी उपाशीच यायचं का?"

शिबिर आजच्यापुरतंच होतं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.