शुभांगीचा खालचा सूर

मंडळी, या सदरातले तुमचे अनुभव मी हसायला वाचतो, हे आधीच सांगून टाकतो. चकवा म्हणे, पांढऱ्या साडीतली बाई म्हणे... उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी फौजेच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवून रिटायर झालेला माणूस. आमच्या धंद्यात हिशेब सरळ असतो — ओठ, हवा आणि पितळ. फुंकाल तर वाजेल, नाहीतर नाही. आता मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर खुशाल हसा, तुमची पाळी आहे.

गाव दिग्रस. कापसाचे ते वाईट दिवस होते. भाव पडलेला, उरलंसुरलं बोंडअळीनं खाल्लेलं, सरकी काढायच्या जिनिंग गिरण्या एकामागून एक बंद. अशाच एका बंद जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये मी पोरांना ब्रास शिकवायचो. ट्रंपेटं, एक युफोनियम, पोचे पडलेला एक ट्रॉम्बोन. लग्नसराईत हीच पोरं वरातीत वाजवायची, तेवढाच सराव. नागपूरला एका संगीत विद्यालयात ब्रासचा कोर्स निघाला होता, राहण्याखाण्यासकट. पोरांना तिथं पोचवायचं हे एकच खूळ तेव्हा माझ्या डोक्यात होतं.

शुभांगी ही वर्गातली एकुलती एक मुलगी. समोरचा दात थोडा तुटलेला, त्यामुळे सूर सुरू होताना आधी बारीक 'स्स' यायचं. माझे डोळे बांधा, शंभर ट्रंपेटांत मी तिचं ओळखीन. खोड एकच. वरातीच्या आमच्या चालीत खालचा लांब सूर तिच्याकडे होता आणि तो निम्म्यात तुटायचा. श्वास पुरायचाच नाही. "काय वं, मधातच चहा प्यायले थांबली का?" असं मी म्हणायचो. ती हसायची आणि परत तिथंच तोडायची.

उन्हाळ्याच्या तोंडावर तिचे वडील गेले. जिनिंगमध्ये फिटर होते, तापाचं निमित्त झालं. तिला वर्गात आणून सोडणारे तेच. आई म्हणाली, आता वर्षभर घरात वाद्य नाही. ट्रंपेट माझ्या कपाटात परत आलं. इकडे नागपूरची निवड तोंडावर, आणि वयाची अट अशी की पुढच्या वर्षी ती बसणारच नव्हती. मी आईला समजवायला गेलो, पुन्हा गेलो.

"सर, लोक काय म्हणतीन? बाप गेला अन् पोरगी वाजवून राह्यली?"

तिला घाटंजीला मामाकडे धाडायचंही ठरलं होतं.

आणि मग ते लग्न आलं. दुपारची वेळ, नवरदेव घोड्यावर, मिरवणूक मारोतीच्या देवळाकडे निघालेली. वाट नेमकी शुभांगीच्या गल्लीतून. आमच्याकडे रीत आहे — दुःखाचं घर आलं की वाद्यं खाली. अलीकडच्या खांबापासून पलीकडच्या खांबापर्यंत कोणी फुंकत नाही, ढोल थांबतो, नाचणारेही गुमान चालतात. मी हात वर केला. पोरांनी ट्रंपेटं काखेत घेतली. घोड्याच्या टापा तेवढ्या ऐकू येत होत्या.

आणि सूर सुरू झाला.

आधी ते 'स्स'. मग खालचा लांब सूर. वर चाल नाही, काही नाही, तेवढाच एक. मी चिडून मागं वळलो, म्हटलं कोण गाढव आहे. तर सगळ्यांची ट्रंपेटं काखेत आणि तोंडं उघडी. युफोनियमवाला प्रशांत म्हणाला, "सर, शुभांगी वाजवून राह्यली का?"

मी खिसा चाचपला. तिचं ट्रंपेट कपाटात, किल्ली माझ्या खिशात. लाउडस्पीकर म्हणावा तर लोडशेडिंग चालू. दुसरी वरात त्या दिवशी गावात नव्हती. आणि सूर तुटतच नव्हता... नेहमीच्या जागी तो तुटायची मी वाट पाहिली, तर तिथून सरळ पुढं गेला. भरलेला, अजिबात न हलणारा. पलीकडच्या खांबापाशी थांबला.

दार उघडून तिची आई बाहेर आली. हातात सूप, मागं शुभांगी.

"सर, कोण वाजवून राह्यलं होतं?"

"कोणीच नाही, वहिनी."

"मले वाटलं, पोरीची जागा दुसऱ्याले देल्ली. पण हे तं तिचंच... अन् पोरगी माह्यासमोर गहू निवडत होती."

शुभांगी माझ्याकडे बघत होती. "सर, माह्यासारखंच होतं. पण मले एवढा दम कुठं पुरते?"

मिरवणूक खोळंबली, नवरदेवाचा काका येऊन "चला नं राजेहो" म्हणून गेला. मग ती माउली जे बोलली, ते मला जन्मात सुचलं नसतं.

"घरापुढं आता वाजलंच नं. मोडायचं ते मोडलं, कोणं मोडलं ते देवाले माहीत. मंग हिले कायले बसवून ठेवू? घेऊन जा, सर."

मला रडू आलं, सरळ सांगतो. संध्याकाळी शेडमध्ये शुभांगीनं तोच सूर धरला. निम्म्यात तुटला. दुसऱ्या दिवशीही तुटला. कोणाच्या चुकीचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. नागपूरला निवड झाली, तीही त्या तुटक्या सुरासकटच.

तीन वर्षांनी कोर्स संपताना विद्यालयात पोरांचा कार्यक्रम होता. तिची आई आणि मी एसटीनं गेलो, शेजारी बसलो. शुभांगीकडे पुन्हा खालचा सूर आला. आधी 'स्स'. मग सूर. तुटायची जागा आली, आणि तो तिथून सरळ पुढं गेला. आईनं माझं मनगट धरलं.

"सर, हेच होतं ते. त्या दिवशीचं."

तेच होतं. माझे कान चुकत नाहीत, त्यांच्यावरच माझं पोट भरलंय.

कोणी म्हणतं भास. अख्ख्या गल्लीला एकदम? घोड्यानंसुद्धा कान टवकारले होते. कोणी म्हणतं वडील आले असतील. पण त्या बिचाऱ्याला साधी शिट्टी वाजवता येत नव्हती.

पोरांना मी अजून तेच सांगतो, आधी फुंका, मग वाजेल. शुभांगी सुट्टीत येऊन शेडमध्ये लहानांना शिकवते. हे वाक्य आलं की माझ्याकडे बघून गालात हसते. तिच्या गल्लीत आधी वाजलं, अन् फुंकलं तीन वर्षांनी. कसं, ते मला अजून कळलेलं नाही.