चाळीस चौकटींना एकच हँडलर

"कोड दाखवा," आप्पा म्हणाले.

मी मॉनिटर त्यांच्याकडे फिरवला आणि पडद्यावरच्या सात ओळींवर बोट ठेवलं. आप्पा डेअरीचे चेअरमन. त्यांना कोडमधलं ओ की ठो कळत नव्हतं. शेजारी बसलेल्या जनावरांच्या डॉक्टरांनाही कळत नव्हतं. दाराशी बिरू आबा उभे होते. त्यांच्या गाईची कालवड आदल्या आठवड्यात जन्मली आणि तासाभरात गेली. भिंतीला टेकून मंगलताई उभ्या होत्या, डेअरीच्या कॉम्प्युटर ऑपरेटर. त्या खोलीत कोड वाचता येणारा मी एकटाच. मी म्हणेन ते खरं ठरणार होतं.

"हे बघा," मी म्हणालो, "गाय भरवल्याची तारीख बदलली की व्यायची तारीख आपोआप बदलते. इथं स्पष्ट लिहिलंय. प्रोग्राम बरोबर आहे. एंट्रीत काहीतरी चुकलं असणार."

हे वाक्य मी त्या दिवशी मोठ्या रुबाबात बोललो. आज आठवलं की कान गरम होतात.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. शिरूरला एसटी स्टँडजवळ माझा कॉम्प्युटर क्लास होता. सोबत छोटे डेटाबेस प्रोग्राम करून द्यायचो. न्हावऱ्याजवळच्या एका डेअरीनं गाई भरवायचं, म्हणजे कृत्रिम रेतनाचं, केंद्र काढलं होतं. सभासदांच्या गाई शिरूर तालुक्यात, तशाच भीमेपलीकडं दौंड तालुक्यातही. कोणाची गाय कधी भरवली, कोणत्या वळूचं रेतन, कधी विणार, हे सगळं कॉम्प्युटरवर हवं होतं. मी फॉर्म बनवला. एका गाईला एक फॉर्म, आणि एका फॉर्मवर चाळीस चौकटी.

ऑपरेटर म्हणून मंगलताईंचं नाव मीच सुचवलं. त्या न्हावऱ्याच्या. माझ्याच क्लासला शिकलेल्या, आणि माझ्यापेक्षा जास्त नीटनेटक्या. त्यांच्या घरातल्या बायका शेतात जायच्या, खुर्चीवर बसून काम करणाऱ्या या पहिल्याच. सासरे आधी नाहीच म्हणत होते. "महिनाभर बघू," एवढ्यावर त्यांनी पाठवलं आणि महिन्याचं दीड वर्ष झालं. सासरे मग चारचौघांत सांगायला लागले, "आमची सून कंपुटरवर असती." त्या खुर्चीची किंमत मला ठाऊक होती. म्हणूनच हे लिहिताना जास्त जड जातंय.

आता थोडं आमच्या धंद्यातलं. फॉर्मवरच्या चौकटीला आम्ही कंट्रोल म्हणतो. चौकटीतला मजकूर बदलला की तो झाला इव्हेंट. त्या वेळी काय करायचं हे सांगणारा कोड म्हणजे इव्हेंट हँडलर. दारावरचं बटण दाबलं की घरात बेल वाजते, तसंच. बटण दाबणं हा इव्हेंट, बेल हा हँडलर. दोघांमध्ये एक वायर लागते. आमच्याकडे ती वायर म्हणजे चौकटीच्या प्रॉपर्टी शीटमधली एक ओळ. या चौकटीत बदल झाला की कोणता कोड चालवायचा, ते त्या ओळीत लिहिलेलं असतं.

आप्पांची मागणी अशी, की बदललेली चौकट पिवळी व्हावी, म्हणजे सेक्रेटरीला संध्याकाळी तपासायला सोपं. मी प्रत्येक चौकटीला तोच कोड चिकटवत गेलो. दोन महिन्यांनी आप्पा म्हणाले, "पिवळा लई भडक हाय, जरा फिका करा." चाळीस ठिकाणी बदल! तो करताना मी स्वतःला शिव्या घातल्या आणि ठरवलं, आता एकच हँडलर लिहायचा आणि सगळ्या चौकटींना तोच लावायचा. पुन्हा रंग बदलायचा झाला तर एका जागी बदलू.

विचार चांगला होता, आजही मी तसंच करतो. करताना मात्र घाई केली. माउसनं सगळ्या चौकटींभोवती एक मोठा आयत ओढला. चाळीसच्या चाळीस एकदम सिलेक्ट झाल्या. प्रॉपर्टी शीटमध्ये एकदाच ओळ लिहिली. पाच मिनिटांत काम झालं. मग तीन नव्या गाई भरून बघितल्या. चौकटी फिक्या पिवळ्या झाल्या, व्यायची तारीखही आली. मी बॅग उचलली आणि न्हावऱ्याहून मिळेल ती एसटी पकडली. वाटेत स्वतःवरच खूश होतो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण तेव्हा मला दुसऱ्यांसाठीच आहे असं वाटायचं.

गाय भरवली तरी प्रत्येक वेळी गाभण राहतेच असं नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर आली की लोक म्हणतात, गाय उलटली. मग पुन्हा भरवायची. डेअरीच्या जुन्या रजिस्टरात अशा वेळी आधीची तारीख लाल शाईनं खोडून वर नवी लिहायचे. नवी ओळ घालत नसत. एका वेताला, म्हणजे एका विण्याला, एकच ओळ, ही तिथली पद्धत. मीही फॉर्म तसाच ठेवला होता. गाय उलटली की मंगलताई तोच फॉर्म उघडून भरवल्याची तारीख बदलायच्या. तारीख बदलली की नऊ महिने नऊ दिवस मोजून व्यायची तारीख पुढं सरकायची. मग गाईचं कार्ड छापून मालकाला जायचं.

बिरू आबांची गाय दोनदा उलटली. तिसऱ्यांदा गाभण राहिली. कार्डावर व्यायची तारीख मात्र पहिल्या वेळचीच राहिली, म्हणजे खऱ्या तारखेच्या सहा आठवडे आधीची. कार्डातली तारीख उलटून बारा दिवस झाले तरी गाय वीत नाही, म्हणून आबांच्या मुलानं डॉक्टरांना बोलावलं.

"म्या म्हणलं डॉक्टरला, आजून महिना हाय," आबा त्या दिवशी डेअरीत सांगत होते. "कास भरल्याली न्हाई, कुशी उतरल्याली न्हाई. पर त्ये म्हणलं, आबा, कार्डावर छापलंय. दिवस वर गेल्यात, थांबलो तर गाय हातची जाईल. मग म्या बी गप बसलो. म्हणलं, कंपुटर कशाला खोटं बोलंल?"

आबांचा जन्म मेंढरांमागं गेलेला. शेती धरून त्यांना पंधरा-वीस वर्षं झाली असतील. कोणती मेंढी कधी विणार हे लांबून बघून सांगणारा माणूस, माझ्या छापील कार्डापुढं गप्प बसला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. महिनाभर आधीच कालवड बाहेर आली, तिला धड श्वास घेता आला नाही. गाय वाचली.

आणि आता आप्पांना हवं होतं की चूक कोणाची.

"मग तारीख मागं राहिली कशी?" त्यांनी विचारलं.

"ती चौकट हातानंही बदलता येते," मी म्हणालो. "चुकून जुनी तारीख टाइप झाली असेल."

मंगलताई पहिल्यांदा बोलल्या. "मी त्या चौकटीला हातच लावत न्हाई, आप्पा. आन् सरांना मी दिवाळीआधीच फोन केला व्हता. उलटलेल्या गाईंची तारीख मागंच राहतीय म्हणून."

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

फोन आला होता. समोर वीस मुलं बसलेली, प्रिंटर अडकलेला, आणि मी रिसीव्हर खांद्यात धरून म्हणालो होतो, "ताई, तुम्ही टॅब न दाबताच सेव्ह करत असाल. नीट करून बघा." फोन ठेवला आणि विसरलो. पण त्या क्षणी, त्या खोलीत, मला तो लख्ख आठवला. त्यांचा आवाजसुद्धा.

"असा काही फोन आल्याचं मला आठवत नाही," मी म्हणालो.

मंगलताईंनी माझ्याकडं एकदा बघितलं. मग पदर खोचला, टेबलावरचा आपला चष्मा उचलला. आप्पांनी, "उद्यापासून येऊ नगंस," म्हणायच्या आतच त्या निघाल्या होत्या. आपला तो बाब्या, तसा माझा तो प्रोग्राम. त्याला वाचवायला मी चोर सोडून संन्याशाला फाशी दिली. आणि चोर कोण, हे अजून मला शोधायचंही नव्हतं.

सात-आठ महिन्यांनी डेअरीनं दौंडच्या बाजूला दुसरं केंद्र काढलं. तोच प्रोग्राम तिथं टाकायचा होता. तिथल्या नव्या ऑपरेटरला मी दाखवत होतो. "समजा गाय उलटली. ही तारीख अशी बदलायची, आणि आता ही तारीख बघा..."

तारीख हलली नाही.

"सर, टॅब दाबायचा ऱ्हायला का?" तो म्हणाला.

मी टॅब दाबला. एंटर दाबलं. दुसरी गाय घेतली. तारीख जागची हलेना. कोड उघडला. त्याच सात ओळी, अक्षर न् अक्षर बरोबर. मग प्रॉपर्टी शीट उघडलं, जे मी त्या दिवशी आप्पांसमोर उघडलं नव्हतं. भरवल्याच्या तारखेच्या चौकटीपुढं माझ्या पिवळ्या रंगाच्या हँडलरचं नाव होतं.

चाळीस चौकटी एकदम धरल्या तेव्हा एकोणचाळीसना हँडलर मिळाला. चाळिसावीच्या जुन्या हँडलरमध्ये रंगाखेरीज तारीख बदलायचं कामही होतं, तो निघाला. वायर काढून दुसऱ्या बेलला जोडली गेली. मशीननं विचारलंसुद्धा नाही. जुना कोड आपल्या जागी तसाच, पण त्याला बोलावणारं कोणी उरलं नव्हतं. नव्या गाईंची तारीख यायची, कारण सेव्ह होताना चौकट रिकामी असेल तर ती भरायची, अशी एक ओळ मी दुसरीकडं लिहून ठेवली होती. म्हणून माझ्या तीन गाई पास झाल्या. उलटलेली गाय मी तपासलीच नव्हती.

चूक दुरुस्त करायला अर्धं मिनिट लागलं.

दुसऱ्या दिवशी आप्पांकडं गेलो. सगळं सांगितलं, फोनचंही. ते तंबाखू मळत ऐकत होते.

"आता कशाला उकरता?" ते म्हणाले. "नवी बाई बसलीय तिथं. चांगलं चाललंय."

"मंगलताईंची चूक नव्हती, आप्पा."

"मग त्ये तिला सांगा. मला सांगून काय हुनार?"

न्हावऱ्यात मंगलताई घरामागं कांदा निवडत बसल्या होत्या. मोठा एका बाजूला, गोलटी दुसरीकडं. सासरे बाजेवर होते, मला बघून उठून आत गेले. मी उभ्या उभ्याच सांगायला लागलो. हँडलर, प्रॉपर्टी शीट, वायर. त्या ऐकत होत्या, हात थांबला नव्हता.

"सर," त्यांनी मध्येच थांबवलं, "त्ये मला समजलं. मला एकच सांगा. मी फोन केला व्हता, त्यो तुम्हाला तवा आठवत व्हता का न्हवता?"

मला खोटं बोलता आलं असतं. सरावही होता.

"आठवत होता," मी म्हणालो.

त्यांनी हातातला कांदा गोलटीत टाकला. "मला वाटलंच व्हतं. पर घरात समद्यांनी इतक्यांदा इचारलं, की मलाच वाटाय लागलं, फोन केलाच न्हवता का काय मी."

मी म्हणालो, आप्पांशी पुन्हा बोलतो, दौंडच्या केंद्रावर बघतो, नाहीतर माझ्या क्लासवर शिकवायला या. त्या नको म्हणाल्या. रागानं नाही, कांदा निवडताना म्हणतात तसं. चहा मात्र दिला.

चौकटींना हँडलर लावताना हल्ली मी आधी प्रत्येकीची ओळ रिकामी आहे का बघतो. हा झाला प्रोग्रामिंगमधला धडा, तो कुठल्याही पुस्तकात मिळेल. दुसरा मी स्वतः शिकलो. ऑपरेटर म्हणाला की काहीतरी चुकतंय, तर उत्तर द्यायच्या आधी मी ते वहीत लिहून घेतो, त्याच्याच शब्दांत, नावासकट. त्या वहीतली पहिली नोंद मंगलताईंची आहे. ती मी त्या संध्याकाळी शिरूरला पोचल्यावर केली, आणि पुढं लिहिलं, 'तक्रार बरोबर होती.'