आमचे डॉक्टर

हे गेले त्या सकाळी गांधीबागेतल्या एक मावशी माझ्याच गळ्यात पडून रडल्या, "आमचे डॉक्टर गेले वं माय..." मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, पण मनात आलंच, आमचे काय आमचे? नवरा माझा होता. सव्वा महिना झाला, भेटायला येणारा प्रत्येक जण तेच म्हणतो आणि मला ते अजून टोचतं.

ह्यांच्याकडून औषध मिळायला काही लागत नसे. रिकामी बाटली तेवढी घरून आणायची, दारूची असो की खोबरेल तेलाची. कंपाउंडर तीत लाल मिक्श्चर भरायचा आणि डोस कळावेत म्हणून कातरलेली कागदाची पट्टी चिकटवायचा. कोराडीच्या बसमधून उतरलेला माणूस थेट आमच्या घराशी यायचा, अन् हे भरल्या ताटावरून उठून त्याला पुड्या बांधून द्यायचे. मी खोकत असले तर म्हणायचे, "गरम पाणी पी, जाते आपोआप." डॉक्टरची बायको म्हणजे दिव्याखाली अंधार.

एकदा मात्र माझं डोकं फिरलं. खोकून खोकून बरगड्या दुखत होत्या. पदर डोक्यावरून पुढे ओढला, बाटली घेतली आणि दवाखान्यात बायकांच्या बाकावर जाऊन बसले. माझी पाळी आली. हे काहीतरी लिहीत होते, मान वर न करताच म्हणाले, "काय होऊन राहिलं वं माय?" इतका मऊ आवाज... आमच्या अख्ख्या संसारात तो माझ्या वाट्याला आला नव्हता. मी पदराआडूनच म्हटलं, "खोकला." तशी त्यांनी वर पाहिलं आणि हसतच सुटले. "तू काहून इथं बसली? घरी जा, पाहतो तुले." मी उठले. माझ्यामागची बाई पुढे सरकली आणि तो आवाज तिला मिळाला. तिची जीभ पाहिली, नाडी पाहिली, सगळं कसं निवांत. त्या बाईचा राग मला आजही येतो. घरी आल्यावर हे अर्थातच विसरले.

आता खोकला पुन्हा उठलाय. लेक म्हणते, "आई, अंगावर काहून काढून राहिली? दुसऱ्या डॉक्टरले दाखव ना." मी हो म्हणते, अन् दुपारी दवाखान्याचं कुलूप काढून त्या बाकावर जाऊन बसते. पुढे कोणी नसतं, मागे कोणी नसतं... तरी माझा नंबर काही लागत नाही.