डच बाईचं पातेलं

हसणार असाल तर आधीच सांगा, म्हणजे मी आपला गुपचूप चहा पितो! कारण आता जे सांगणार आहे, त्यात माझ्या एका बोटापायी आमचं राहतं घर जायची वेळ आली होती. खरंच, एका बोटापायी!

स्वोर्ड्स या आयरिश गावातलं आमचं भाड्याचं घर. इथे भाड्याने घर मिळणं म्हणजे देव भेटणं. करार संपत आलेला, आणि आम्हाला ठेवायचं की नाही ते ठरवायला घरमालक शेमस येणार होता. कधी? ऐन दसऱ्याच्या दिवशी, चार वाजता!

स्वयंपाकघरात त्याचं एक डच चित्र होतं. एकोणिसाव्या शतकातलं, अस्सल. पांढरी टोपी घातलेली एक बाई तांब्याचं पातेलं घासतेय, मागे नुसता काळोख. किल्ली देतानाच शेमसने बजावलं होतं, "आजीचं आहे. हात लावू नका."

सकाळी मी लॅपटॉपची पूजा केली, गाडीची केली, कुकरलाही कुंकू लावलं. अकोल्याहून आलेली आई चित्राकडे बघून म्हणाली, "त्या बिचारीचं हत्यार नाही काय ते? लाव न एक बोट."

आणि मी लावलं! ओल्या बोटाने! डोकं कुठे होतं म्हणता? पूजेच्या वेळी आईपुढे कुणाचं डोकं चालतं हो?

भानावर येऊन फडक्याने पुसायला गेलो, तर कुंकू थेट बाईच्या गालापर्यंत पसरलं. मी फडकं टाकून ओरडलो.

"आई, घर गेलं आपलं!"

"काहून घाबरून राह्यला रे? तांब्याले चिंच लागते, इतकंबी मालूम नाही तुले?"

"अगं, चित्रातलं तांबं आहे ते!"

"तांबं ते तांबंच."

आमटीसाठी भिजवलेली चिंच मी, चांगला शिकलेला इंजिनिअर, त्या चित्राला चोळली. आणि सांगू? कुंकू गेलं! पातेलं लखलखलं! पण आता एवढं पातेलंच चकाकतंय आणि बाकी चित्र काळंकुट्ट. कुणालाही कळलं असतं. मग गाल घासले, टोपी घासली, मागचा काळोखही घासला. साडेतीनला त्या काळोखातून एक बूट बाहेर आला.

बूट, मग पाय, मग खुर्चीत रेलून पाइप ओढणारा अख्खा पुरुष! डाग पुसता येतो हो, माणूस कुठे लपवायचा?

तेवढ्यात बेल वाजली. मी खुर्चीत रेललो तो उठलोच नाही. दार आईने उघडलं. माझी बायको केतकी सिंकपाशी सणाची भांडी घासत होती.

शेमस चित्रासमोर उभा. मनातल्या मनात मी बॅगा भरायला घेतल्या.

"जीझस!" तो शेवटी म्हणाला. "आजी कायम सांगायची, हिचा नवरा मागे बसलाय. आम्हाला वाटायचं, म्हातारी भ्रमलीय." त्याने डोळे पुसले. "ग्रँड! राहा तुम्ही, अजून दोन वर्षं राहा."

जीव भांड्यात पडला माझा. शेमसने कराराचा कागद काढला. मग त्याने चित्राकडे पाहिलं, केतकीकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"भाडेकरू म्हणून नाव कुणाचं घालू?"

"माझं," केतकी हात पुसत म्हणाली.

"आणि याचं?"

"घराबरोबर सामानाची यादी देता ना तुम्ही? त्यात घाला. खुर्चीच्या खाली."

तुम्हाला खोटं वाटेल, पण त्याने खरंच घातलं!