भिंतीची विचारपूस

यंदा ऐन वैशाखात माझ्या शहाद्याच्या घरातली मागची भिंत ओली व्हायला लागली. पाऊस नाही, त्या बाजूला नळही नाही. प्लंबर येऊन गेला, गच्ची तपासून झाली, तरी ओल आपली वाढतच होती.

शेवटी एका दुपारी बाहेरून गल्लीत जाऊन पाहिलं. भिंतीच्या सावलीत पालक-कोथिंबीर विकणारी एक बाई बसली होती. भिंतीतल्या खिळ्याला तिने ओलं गोणपाट टांगलं होतं, त्याला टेकून जुड्या लावल्या होत्या आणि त्यांवर ती सारखं पाणी शिंपडत होती.

"तुमनी भिंत थंडी शे, दादा," ती म्हणाली. "भाजी दिनभर ताजी राहस."

मी घरातल्या ओलीचं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. गोणपाट काढून ती पदराने भिंत पुसू लागली, लहान मुलाचं तोंड पुसावं तशी.

दुसऱ्या दिवशी ती समोर उन्हात बसलेली दिसली. छत्री भाजीवर, स्वतः उन्हात. मला राहवेना. मी भिंतीला बाहेरून पत्रा ठोकून घेतला आणि तिला परत बोलावलं.

तेव्हापासून रोज सकाळी डोक्यावरची टोपली उतरवली की ती आधी विचारते, "भिंत सुकनी का, दादा?" घरातल्या आजारी माणसाची चौकशी करावी तसं. बायको गेल्यापासून या घराबद्दल इतक्या काळजीने कोणी विचारलेलं नाही.

भिंत तर केव्हाच सुकली.

"थोडी वली शे अजून," मी म्हणतो.